कडी कोणत्या बाजूला?

*अग्निशमन दलातून स्थानक अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आमचे सदरलेखक या महिन्यात शाळेच्या दारांविषयी आलेल्या तीन पत्रांना उत्तरं देत आहेत.*

प्रश्न : सर, आमची मराठी माध्यमाची शाळा आहे, पहिली ते सातवी. इमारत दुमजली, जिना एकच. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्या घटनेनंतर पालकसभेत खूप प्रश्न आले होते. त्यात गेल्या जूनमध्ये एक अनोळखी माणूस दारूच्या नशेत थेट दुसरीच्या वर्गापर्यंत आला. तेव्हापासून संस्थेने ठरवलंय की तास सुरू झाले की जिन्यापाशी असलेलं जाळीचं गेट कुलूपबंद करायचं आणि प्रत्येक वर्गाच्या दाराला आतून वर एक, खाली एक असे दोन टॉवर बोल्ट लावायचे. बाहेरून आल्ड्रॉप, म्हणजे कुलूप घालायच्या सरकत्या दांडीच्या कड्या, आहेतच. मला रात्री झोप लागत नाही. आग लागली तर काय? आणि दारं उघडी ठेवली नि कुणी आत शिरलं तर काय? संस्थेच्या बैठकीत काय सांगू?
– मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : बाई, तुम्हाला झोप लागत नाही हे वाचून मला बरं वाटलं, रागावू नका. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या शाळेत 'आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे' असं ऐकलं, तिथला जिना मी आधी बघायचो. जिन्याखाली मोडकी बाकं, स्नेहसंमेलनाचे पडदे आणि विजेचा मीटर एकाच कोनाड्यात नांदत असायचे.

माझे वडील सुतार. दार करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कायम चोराचं बोलायचं. वडील विचारायचे, 'घरात म्हातारं कोण आहे? पोरं केवढी आहेत?' मग कडी किती उंचीवर बसवायची ते ठरायचं. तुमच्या संस्थेने चोराचा विचार केला, पोरांच्या उंचीचा राहिला.

१९९४ च्या पावसाळ्यातली एक वर्दी, म्हणजे आगीचं बोलावणं, सांगतो. शाळेचं नाव घेत नाही. सकाळच्या सत्रात जिन्याखालच्या मीटरच्या पेटीने पेट घेतला. आग म्हणाल तर दोन बादल्या वाळूची. पण वायर जळल्याचा काळा धूर जिन्यानं वर चढला. आम्ही पोचलो तेव्हा वर्ग मैदानात उतरले होते. हजेरी घेताना तिसरीची एक तुकडी कमी भरली. त्या वर्गाच्या बाई पगारपत्रकावर सही करायला ऑफिसात गेल्या होत्या, आणि पोरांनी व्हरांड्यात येऊन गलका करू नये म्हणून बाहेरून कडी घालून तिला कुलूप लावून गेल्या होत्या. किल्ली ऑफिसातल्या टेबलावर राहिली. शिपायाकडे जुडगा होता. चाळीसेक किल्ल्या, सगळ्या सारख्या, एकीवर खूण नाही. त्याचे हात थरथरत होते. पाचवी किल्ली लागेना तेव्हा आमच्या तांडेलने, म्हणजे तुकडीच्या म्होरक्याने, त्याला बाजूला केलं, कोयंड्यात पहार घातली आणि चौकटीच्या ढलपीसकट कोयंडा उपटून काढला.

आत रडारड असेल अशी माझी समजूत. आत चिडीचूप. छत्तीस पोरं खिडकीखालच्या भिंतीला टेकून बसलेली, नाकाला रुमाल, कुणी फ्रॉकचं टोक धरलेलं. दार सताड उघडलं तरी कुणी उठेना. एक मुलगा म्हणाला, 'बाईंनी सांगितलंय, दार उघडलं तरी बाहेर यायचं नाही.' त्याला मी काखेत मारला तेव्हा बाकीची हलली.

सगळी सुखरूप खाली आली. त्या बाई वाईट नव्हत्या. अशी कडी घालून जाणाऱ्या दहा बाई आणि पाच गुरुजी मला त्याच गावात दाखवता आले असते. पण तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेलो की मी वर्गाबाहेर उभा राहून आधी बाहेरची कडी बघतो.

म्हणून तुमच्या आल्ड्रॉपपासून सुरुवात करू. शाळा भरलेली असताना वर्ग बाहेरून बंद करता येणं हा सगळ्यात मोठा धोका. बाईंनीच लावायला हवी असंही नाही, सातवीतला एखादा टारगट मुलगा गंमत म्हणून लावतो आणि पळतो. आल्ड्रॉप काढून टाका म्हटलं तर संस्था ऐकणार नाही, रात्री वर्ग बंद करायला तोच लागतो. मग लोहाराकडून आल्ड्रॉपच्या मागच्या बाजूलाही एक कोयंडा बसवून घ्या. सकाळी दार उघडलं की दांडी मागे ओढून तिथे छोटं कुलूप घालायचं. दिवसभर ती दांडी पुढे सरकणार नाही. खर्च किरकोळ.

आता आतले दोन टॉवर बोल्ट. ते लावू नका. लावले असतील तर काढा. वरचा बोल्ट पहिलीच्या मुलाच्या हाताला येत नाही. खालच्या बोल्टचं फरशीतलं भोक खडूच्या भुकटीने भरतं, मग बोल्ट अर्धाच बसतो आणि काढताना अडकतो. बाईंना भोवळ आली, किंवा त्याच दारापाशी पडल्या, तर चाळीस मुलं आणि दोन बोल्ट. शिवाय वर्गात आतून काही गडबड झाली तर तुम्हाला बाहेरून दार उघडता येणार नाही, कारण बोल्टला किल्ली नसते.

तुम्हाला हवं ते साधं आहे : बाहेरून किल्ली, आतून किल्लीशिवाय एका हालचालीत उघडणारी मूठ. घराच्या दाराला लावतात तसं नाइट लॅच चालेल. अनोळखी माणूस व्हरांड्यात दिसला की बाईंनी फक्त दार ओढून घ्यायचं. कुलूप लावायला त्यांना बाहेर पाऊल टाकावं लागत नाही. दुसरी किल्ली ऑफिसात. पण दुकानात एक गोष्ट नीट बघून घ्या. काही लॅचमध्ये बाहेरून किल्लीचा जास्तीचा फेरा दिला की आतली मूठही जाम होते. चोरासाठी ते उत्तम, वर्गासाठी जीवघेणं. दुकानदार 'मॅडम, हे जास्त सेफ आहे' म्हणून नेमकं तेच पुढे करेल. त्याला काउंटरवरच फेरा द्यायला लावा आणि मूठ स्वतः फिरवून बघा. दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस कुलूप घेणार असाल तर 'वन साइड की' मागा. 'बोथ साइड की' म्हणजे दोन्हीकडून किल्ली. ते वर्गाला नको. आणि मूठ साडेतीन फुटांच्या वर जाऊ देऊ नका.

बसवून झालं की एक परीक्षा घ्या. पहिलीतलं सगळ्यात बुटकं मूल बोलवा, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि त्याला दार उघडायला सांगा. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. त्या मुलाला जमलं तर कुलूप पास. ही परीक्षा जुलैत पुन्हा घ्यायची, कारण तुमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि मे महिन्यात गुळगुळीत फिरणारं दार आषाढात खांद्यानं ढकलावं लागतं. सुताराला बोलवून कडेला रंधा मारून घ्या. पावसाळ्यानंतर फट दिसेल, दिसू दे.

तुमची दारं दोन झडपांची असणार असा माझा अंदाज आहे. एक झडप कायम बोल्ट लावून मिटलेली आणि तिच्यामागे कचऱ्याची टोपली, बरोबर? मग तुमचं चार फुटांचं दार दोन फुटांचं झालेलं आहे. सकाळी प्रार्थनेआधी दोन्ही झडपा मोकळ्या करायच्या, हे शिपायाच्या कामाच्या यादीत लिहून टाका.

जाळीच्या गेटचं ऐकून मात्र मी खुर्चीत सरळ बसलो. एकच जिना आणि त्यालाच कुलूप! वरच्या मजल्यावरच्या मुलांना खाली यायला दुसरी वाट नाही, आणि ती वाट एका किल्लीवर, किल्ली एका खिशात, खिसा कदाचित बँकेच्या रांगेत. हे गेट शाळेच्या वेळेत उघडं राहिलं पाहिजे, भिंतीला आकडा लावून मागे अडकवलेलं. आणि त्याचं कुलूप गेटलाच लटकवून ठेवू नका. कुणाचा तरी हात लागतो, खट्कन बसतं. कुलूप ऑफिसातल्या खिळ्यावर.

मग त्या दारुड्याला अडवायचं कुठे? आवाराच्या फाटकावर. तिथे मोकळं मैदान आहे, वेळ आहे, आरडाओरडा करता येतो. फाटक मिटलेलं, तिथे एक माणूस बसलेला, वही ठेवलेली, आणि आलेल्या पालकाने ऑफिसच्या पुढे जायचं नाही. तुमचा सगळा बंदोबस्त इथे खर्च करा. वर्गाचं दार ही शेवटची आडकाठी आहे. तिच्यावर सगळा भार टाकला की ती मुलांनाच अडकवते. फाटकावरच्या माणसालाही ते आतून क्षणात उघडता आलं पाहिजे, नाहीतर आमचा बंब बाहेर भोंगा वाजवत उभा.

बदलापूरचं तुम्ही लिहिलंत म्हणून हेही लिहितो. तिथला आरोपी भिंत चढून आलेला नव्हता, शाळेतच कामाला होता. अशा माणसापुढे बंद दार म्हणजे आडोसाच. त्यामुळे प्रत्येक वर्गाच्या दारात मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक अरुंद काच बसवून घ्या, आणि तिच्यावर सुविचार चिकटवू नका. व्हरांड्यातून जाणाऱ्याला आत दिसलं पाहिजे. कॅमेरे लावलेच असतील, असू देत. कॅमेरा झालेलं दाखवतो.

संस्थेच्या बैठकीत 'हे तुमचं मत झालं' म्हणतील, तेव्हा राष्ट्रीय इमारत संहिता पुढे ठेवा. बाहेर पडायचं दार ज्यांनी वापरायचं त्यांच्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे आणि ते बाहेरच्या दिशेने उघडलं पाहिजे, असं तिच्यात स्पष्ट आहे. तमिळनाडूत कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ लहान मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो, आणि शाळांना या संहितेतली अग्निसुरक्षा पाळावी लागेल. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यासाठी माणूस येईल तेव्हा त्याला नुसते लाल सिलिंडर दाखवून चहा पाजून पाठवू नका. वर्गाचं दार उघडायला लावा.

कायद्यानं हलले नाहीत तर त्यांना सुंदरलँडची गोष्ट सांगा. इंग्लंडमधलं गाव, १६ जून १८८३, व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग. शेवटी रंगमंचावरून खेळणी वाटणार असं जाहीर झालं आणि गॅलरीतली मुलं जिन्यानं खाली धावली. जिन्याच्या तळाशी दार होतं, आतल्या बाजूला उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याचा बोल्ट जमिनीत ठोकलेला. फट कशासाठी? तिकिटं नीट तपासता यावीत म्हणून. मागची मुलं पुढच्यांवर पडत गेली. १८३ मुलं गुदमरून मेली. आग नाही, धूर नाही. मोठ्या माणसांना बाहेरून बोल्ट काढताच येईना, मुलांना फटीतून एकेक करून ओढावं लागलं. नाट्यगृहाच्या दाराला कमरेच्या उंचीवर जो आडवा दांडा असतो, अंग टेकलं की दार उघडतं, तो याच दुर्घटनेनंतर रॉबर्ट ब्रिग्ज या इंग्रज माणसाने काढला. १८९२ मध्ये त्याचं पेटंट झालं. तुमच्या तळमजल्याच्या सभागृहाला तसा दांडा बसवता आला तर बसवा. वर्गांना नसला तरी चालेल.

प्रश्न : काका, मी मूळची नाशिकची, सध्या न्यू जर्सीत. मुलगी दुसरीत आहे. इथे शाळेत दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत असते. आगीच्या कवायतीत बाहेर पळायचं, सुरक्षेच्या कवायतीत दिवे मालवून, दार बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचं. मुलगी विचारते, 'आई, दोन्ही एकदम झालं तर?' त्यात आता काही पालक वर्गणी काढून प्रत्येक वर्गाच्या दाराखाली अडकवायचा लोखंडी अडसर घेऊया म्हणतायत. मी वर्गणी द्यावी का?
– एक आई, एडिसन

उत्तर : ताई, देऊ नका. मी तिकडे नोकरी केलेली नाही, पण तिकडच्या शाळांवरचं मी बरंच वाचलंय आणि दाराचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच.

तिकडच्याच सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तेव्हा वर्गाला कुलूप लावायचं तर शिक्षिकेला किल्ली घेऊन व्हरांड्यात यावं लागत होतं. पुढे नेमलेल्या आयोगाने सांगितलं की शिक्षकाला वर्गाचं दार आतून कुलूपबंद करता आलं पाहिजे. जवळपास दहा वर्षांनी, २४ मे २०२२ ला, टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत तशाच गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथेही कुलूप बाहेरूनच लागायचं, आणि एका वर्गाचं कुलूप नीट बसत नाही हे शाळेत माहीत होतं. आणि ऐका, पोलीस ७७ मिनिटं बाहेर थांबले. किल्ल्या शोधत राहिले, ते दार बहुधा उघडंच होतं तरी कुणी मूठ फिरवून बघितली नाही. हे मी एका बैठकीत पाच वेळा वाचलं. वर्दीवर गेलेल्या माणसाने पहिलं काम काय करायचं, तर दार ढकलून बघायचं. आमच्याकडे नवीन फायरमनला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आता तुमचा अडसर. तो आतून अडकवला की बाहेरच्या किल्लीला काही अर्थ उरत नाही. वाईट माणूस आधीच आत असेल तर त्याचंच काम सोपं. बदली शिक्षिका आली असेल तर तो कुठल्या कपाटात आहे तेही तिला माहीत नसतं. तिकडच्या अग्निसुरक्षा नियमांची अपेक्षा सरळ आहे : आतून एकाच हालचालीत, किल्लीशिवाय, हत्याराशिवाय दार उघडावं, आणि बाहेरून अधिकृत माणसाला किल्लीनं उघडता यावं. बाजारातले बरेचसे अडसर इथेच नापास होतात. तुमच्या गावच्या फायर मार्शलला, म्हणजे अग्निसुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लेखी विचारा, आणि जमलेली वर्गणी आतून लागणाऱ्या कुलपांसाठी वळवायला सांगा.

मुलीचा प्रश्न मोठ्यांना सुचायला हवा होता. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी तसंच झालं. गोळीबाराच्या धुरळ्यानं आगीचा भोंगा वाजला आणि काही मुलं सवयीनं व्हरांड्यात आली. म्हणून भोंगा वाजला की आधी शिक्षिकेनं बाहेर बघायचं, वास घ्यायचा, दाराला हाताची मागची बाजू लावून गरम लागतंय का बघायचं, मग ठरवायचं. धूर किंवा धग असेल तर थांबायचं नाही. मुलीला मात्र यातलं काही सांगत बसू नका. तिला एवढंच सांगा की टीचर सांगतील तसं करायचं, ठरवायचं काम तुझं नाही. सात वर्षांच्या पोरीला झोप लागली पाहिजे. तुमच्या मुख्याध्यापकांना मात्र हाच प्रश्न तिच्या नावानं विचारा.

प्रश्न : साहेब नमस्कार. मी हायस्कुलात शिपाई आहे. बावीस खोल्या सकाळी उघडणं, संध्याकाळी बंद करणं माझ्याकडे. ओडिशातली पोरीची बातमी वाचली आणि हातपाय गार पडले. हेडसर म्हणतात, काही झालं तर जबाबदारी तुझी. मी काय खबरदारी घेऊ?
– सातारा जिल्हा

उत्तर : मामा, वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो : ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यात दुसरीतली मुलगी शाळा सुटल्यावर आतच राहिली, रात्रभर कोंडली गेली. बाहेर पडायला बघताना तिचं डोकं खिडकीच्या गजांत अडकलं. सकाळी गावकऱ्यांनी सोडवली.

जबाबदारी एकट्या तुमची नाही, हे आधी हेडसरांना माझ्या नावानं सांगा. वर्ग रिकामा झाला हे शेवटच्या तासाच्या शिक्षकांनी बघून सही करायची. तुम्ही दुसऱ्यांदा बघायचं. सगळ्यात लांबच्या खोलीपासून सुरुवात करून फाटकाकडे यायचं, म्हणजे मागे कुणी राहत नाही. दारातूनच नजर टाकून कडी घालू नका. आत जायचं, फळ्यापाशी उभं राहून वाकून बाकांखाली बघायचं. पोरं दप्तरावर डोकं ठेवून झोपतात. मग कपाटामागे, मग मुतारीत, आणि मोठ्यानं हाक मारायची, 'कोण हाय का रं?' कडी घालण्याआधी पुन्हा एक हाक. दार लावल्यावर दहा आकडे मोजून कान द्या. बावीस खोल्यांना पाऊण तास लागेल. लागू दे, हेडसरांना तेवढा वेळ कामात धरायला सांगा.

जुडग्याचं काम या रविवारी करा. कानशीने किल्लीच्या डोक्यावर खाचा पाडा, तळमजल्याला एक, पहिल्या मजल्याला दोन, आणि खोलीचा आकडा रंगानं लिहा. अंधारात बोटानं कळलं पाहिजे. दुसरा पूर्ण जुडगा फाटकाजवळच्या काचेच्या पेटीत, आणि तो तिथे आहे हे निदान तीन माणसांना माहीत असू द्या.

कुलपांना आणि कड्यांना तेल घालत असालच. खोबरेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि थंडीत ते थिजतं. शिलाईयंत्राचं तेल आणा, दोन थेंब पुरतात, आणि तेल घातल्यावर किल्ली पाच-सहा वेळा फिरवून, आलेला काळा मळ चिंधीनं पुसून घ्या.